सोनबाचं कोपर आणि आनंदरावांची खात्री

शिरवळकरांचं पत्र आलं तेव्हा आनंदराव दप्तरखान्यात पाणी पीत होते. त्यांना जो ठसका लागला तो पाण्यामुळे, पत्रामुळे नव्हे, असं ते पुढे जन्मभर सांगत राहिले. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मंडळींचं मत वेगळं होतं, कारण ठसका लागला त्या वेळी भांडं खाली ठेवून बराच वेळ झाला होता.

पत्र छोटं होतं. "आपला हिर्डोशीचा गडी सोनबा हा चेंडू टाकत नसून फेकतो. हात कोपरातून वाकवतो. अंपायर मजकूर यांना हे दिसले नाही की पाहावयाचे नव्हते, याचा खुलासा व्हावा. संक्रांतीच्या सामन्यापूर्वी बंदोबस्त न झाल्यास दोन्ही अंगांना आमचेच अंपायर उभे राहतील." खाली शिरवळच्या संघाचे कप्तान चिमाजीराव यांची सही, आणि ती सहीसुद्धा मिशा पिळल्यासारखी.

अंपायर मजकूर म्हणजे आनंदराव. भोर संस्थानात तेव्हा क्रिकेट नवं नव्हतं, पण क्रिकेटचे कायदे माहीत असलेला माणूस एकच होता. आनंदरावांनी पुण्याच्या एका वकिलाकडून कायद्याचं पुस्तक आठ दिवसांच्या बोलीवर आणलं होतं आणि ते सबंध मोडीत उतरवून घेतलं होतं. त्यांची मोडी इतकी घाईची होती की दुसऱ्या कुणाला ती लागत नसे, त्यामुळे अकरा वर्षं त्यांच्या निकालावर अपील झालं नव्हतं. पांढरा कोट त्यांच्याकडे होता. सहा चेंडू मोजायला खिशात सहा चिंचोके होते. आणि खेळता त्यांना अजिबात येत नव्हतं, ही तर अंपायरची सर्वांत मोठी लायकी.

तर या पत्रातला झोंबणारा भाग कोणता? "पाहावयाचे नव्हते" हा नव्हे. तो खोटाच होता, आणि खोट्या आरोपाचा राग येतो, पण झोप जात नाही. झोप गेली ती "दिसले नाही" या शब्दांनी. कारण ते खरं होतं.

मार्गशीर्षातल्या त्या सामन्यात सोनबानं शिरवळचे सात गडी टिपले होते. सोनबा हा हिर्डोशीचा शेतकरी गडी, पाऊस सरला की भोरला हिरड्याच्या वखारीवर कामाला यायचा. चेंडू हातात धरून त्याला महिनासुद्धा झाला नव्हता. आनंदराव त्याच्या बाजूला उभे असताना त्यांचं लक्ष होतं त्याच्या पायाकडे, कारण पाय रेघेबाहेर जातो का हे बघायचं असतं. आणि आडव्या अंगाला, लेगला उभे असताना, जिथून हाताचं कोपर स्वच्छ दिसतं तिथून, ते काय बघत होते, हे त्यांनी फक्त एका माणसाला सांगितलं. आपल्या बायकोला.

"मग तुम्ही बघत काय होता?" बनाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"तुझ्या भाचीचं स्थळ."

बनाबाईंचा हात थांबला. लेगला उभ्या राहणाऱ्या भोरच्याच एका क्षेत्ररक्षकाची चौकशी करायला त्यांनीच सांगितलं होतं.

"काय म्हणाला मुलगा?"

"दोन म्हशी आहेत म्हणाला. तेवढ्यात दांडी उडाली."

"दुभत्या?"

"ते विचारायच्या आत दुसरी उडाली."

आता गंमत अशी की कायद्यात कोपराचा शब्दसुद्धा नव्हता. आनंदरावांच्या मोडी प्रतीत एवढंच होतं, की चेंडू न्यायानं टाकला गेला याबद्दल अंपायरची पूर्ण खात्री नसेल तर त्यानं नोबॉल पुकारावा. म्हणजे प्रश्न सोनबाच्या हाताचा राहिला नव्हता, आनंदरावांच्या खात्रीचा होता. अकरा वर्षांत त्यांनी चुकीचे निकाल पुष्कळ दिले होते. सगळ्याच अंपायरांनी दिलेले असतात. पण न बघता एकही दिला नव्हता. संक्रांतीपर्यंत ती खात्री झाली नाही, तर पांढरा कोट दुसऱ्याला देऊन आपण मैदानालगत नदीच्या घाटावर प्रेक्षक म्हणून बसायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. घाटावर बसून दुसऱ्या अंपायरला नावं ठेवणाऱ्यांची जात त्यांना चांगली ठाऊक होती. तीत भरती व्हायची कल्पना त्यांना सोसवेना.

भोरच्या संघाचा कप्तान कुंडलिक, म्हणजे ज्याच्या वखारीवर सोनबा कामाला होता तोच, त्याच दिवशी संध्याकाळी आला.

"त्यात काय एवढं, रावसाहेब? हात सरळ आहे, म्हणून लिहून टाका."

"मी पाहिलेला नाही."

"चिमाजीरावांनी तरी कुठं पाहिलाय? ते तर पहिल्या चेंडूला माघारी गेले. दांडी उडालेला माणूस मागं वळून दांडीकडं बघतो, पुढं कोपराकडं बघत नाही."

मुद्दा बिनतोड होता, पण खात्री होण्यासारखा नव्हता. आनंदरावांनी सोनबाला रविवारी परसात बोलावलं.

परसात यायला सांगितलं एकट्या सोनबाला, आणि आली निम्मी आळी. त्या काळी भिंती कमरेएवढ्या असत आणि लोकांना फुरसत भरपूर असे. सोनबानं सहा चेंडू टाकले. आनंदरावांनी डोळे ताणले. हात वर जाताना दिसला, खाली आलेला दिसला, मधलं काही दिसलं नाही. सात बघ्यांचं मत घेतलं तेव्हा चार म्हणाले वाकतो आणि चार म्हणाले वाकत नाही, कारण पेन्शनीत निघालेल्या मास्तरांनी दोन्ही बाजूंना हात वर केला. त्यांना दोन्ही मतांत तथ्य वाटत होतं.

"तूच सांग बाबा," आनंदराव सोनबाला म्हणाले. "वाकतो का?"

"म्या म्होरं बगतो, साहेब. कोपर मागं ऱ्हातंय," सोनबा म्हणाला. "पर आमी गोफन चालिवतो. नाचनीवर पाखरं बसत्यात, भातावर डुकरं येत्यात. गोफनीत हात वाकला तर धोंडा आपल्याच टकुऱ्यात बसतो. म्हून वाकत नसंल."

"आणि नुसत्या हातानं धोंडा मारत नाहीस कधी?"

"वानराला मारतो की. वानर गोफनीला भीत न्हाई, तिला वळखतं. त्याला हातानंच सपकन मारावा लागतो."

म्हणजे या हाताला दोन विद्या येत होत्या, आणि चेंडू टाकताना त्यातली कोणती चालते हे कुणाला माहीत नव्हतं.

मास्तरांनी सुचवलं, हाताला लाकडी रूळ बांधा. मग आनंदरावांचा रेघा मारायचा रूळ पंच्याच्या चिंधीनं सोनबाच्या कोपराला बांधण्यात आला. त्या हातानं टाकलेला चेंडू परसातल्या खेळपट्टीऐवजी शेजारच्या धोंडाबाईंच्या माळवदावर गेला आणि वाळत घातलेल्या सांडग्यांत शिरला. धोंडाबाई चेंडू घेऊन खाली आल्या. वय सत्तर, आवाज पंचविशीतला.

"आनंदा, रूळ बांधल्यावर हात सरळच राहणार. ह्यात काय शोध लागला?"

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मग बघ्यांतल्या वैद्यबुवांची युक्ती झाली. कोपराच्या खळगीत तांदळाची पिठी भरायची, हात वाकला तर तिची घडी पडेल. पिठी भरली, सोनबा धावत निघाला, आणि वाटेत त्यानं नाक खाजवलं. पुन्हा भरली. दुसऱ्यांदाही खाजवलं. नाकाकडे लक्ष गेलं की ते खाजतंच. कोपर न वाकवता नाक खाजवता येतं का, यावर मंडळींनी अर्धा तास प्रयोग केले, आणि त्या दिवसाचा शोध तेवढ्यावरच थांबला.

संक्रांत तीन दिवसांवर आली तेव्हा लतीफ मणियार बांगड्यांची पेटी घेऊन आनंदरावांच्या ओट्यावर बसला होता. सणाच्या आधी आळीतल्या साऱ्या बायका तिथंच बांगड्या भरायच्या. लतीफभाईंचे हात म्हणजे विलक्षण प्रकार. बाईचा पंजा एकदा दाबला की कुठलं हाड दबणार, कुठलं नाही, कुणाला दोनाचा आकडा बसेल आणि कुणाला सव्वादोनाचा, हे न बघता सांगायचा. आनंदराव दारात उभे राहून ते बघत होते, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "लतीफभाई, तुम्हांला हाताचं एवढं कळतं. चेंडू टाकताना एखाद्याचं कोपर वाकतं की नाही, हे कसं ओळखायचं?"

लतीफनं बनाबाईंचा हात न सोडता विचार केला.

"डोळ्यानं न्हाई कळायचं, साहेब. डोळा मागं ऱ्हातो. काचंला कळतं. सरळ हाताच्या कोपरावर नेमकी बसंल अशी बांगडी चढवा. हात सरळ ऱ्हायला तर बांगडी ऱ्हाईल. जरा वाकला की ती काय ऱ्हात न्हाई."

आनंदरावांना वाटलं, इंग्रजांनी कायदा लिहिला खरा, पण त्यांच्याकडे मणियार नव्हते.

एवढ्या मापाची बांगडी मिळणं कठीण, पण लतीफच्या पेटीत आंबवड्याच्या एका थोराड पाटलीणबाईंसाठी मागवलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. त्यांतली एक बनाबाईंनी आपल्या चुड्याबरोबर घेतली. सोनबाला वखारीतून बोलावणं गेलं. तो आला, ओट्यावरच्या बायका बघितल्या, बांगडी बघितली, आणि दोन पावलं मागं सरला.

"बांगडी? म्या?"

"एका चेंडूपुरती," आनंदराव म्हणाले.

"येका चेंडूपुरती भरली तरी भरलीच न्हवं का, साहेब? हिर्डोशीला कळलं तर माजं लगीन व्हायचं न्हाई. म्या त्यापरीस गोफन घिऊन रानात जातो."

"अरे, त्यात लाज कसली? ही एक तपासणी आहे. हे बघ, मी घालतो."

मध्यमवर्गीय माणसाची बहुतेक संकटं "हे बघ, मी करतो" या चार शब्दांतून निघतात. आनंदरावांनी उजवा हात पुढे केला. कारकुनाचा पंजा लिहून लिहून रुंद झालेला, पण वरचा हात काडीसारखा. लतीफनं रिठ्याचा फेस लावला, पंजा दाबला, "जरा सोसा साहेब" म्हणाला, आणि बांगडी सुळकन मनगटावरून सरळ कोपरावर जाऊन बसली. इतकी नेमकी बसली की बायकांनी नकळत "वा" म्हटलं.

"बघितलंस?" आनंदराव हात ताठ धरून सोनबाला म्हणाले. "आता काढा, लतीफभाई."

ती निघेना. चढताना उताराला लागल्यासारखी गेली होती, परतताना कोपराच्या हाडाखाली अडली. रिठा झाला, खोबरेल झालं, एरंडेल झालं. हात लाल झाला आणि थोडा सुजला.

"असू द्या," लतीफ म्हणाला. "बारीक ठोका दिला की झालं." आणि त्यानं पेटीतली लाकडी दांडी काढली.

"हात आवर, लतीफ." धोंडाबाईंचा आवाज. "बना, ही बांगडी तू संक्रांतीच्या चुड्यात घेतलीस ना?"

"हो."

"सणाच्या तोंडावर नवा चुडा मुद्दाम वाढवायला देतेस? सवाष्ण ना तू?"

बांगडी फुटली असं म्हणायची सोय नव्हती, वाढली म्हणायचं. पण शब्द कितीही मऊ असला तरी अर्थ बनाबाईंना लागला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पण मावशी, बांगडी वाढली तर ते धन्यावर येतं म्हणतात. इथं धन्याच्याच हातात आहे."

"तेच तर," धोंडाबाई म्हणाल्या. "बाईच्या हातातली असती तर कुणावर येतं ते ठाऊक आहे. पुरुषाच्या हातातली कुणावर येते, हे कुठंच लिहिलेलं नाही. म्हणून जास्त भ्यायचं."

आनंदरावांनी हे सगळं खुळचट आहे असं सांगितलं. मग त्यांनी बनाबाईंकडे पाहिलं, आणि खुळचटपणा संक्रांतीनंतर बघू असंही सांगितलं. लतीफला वेल्ह्याचा बाजार गाठायचा होता. "चार दिसांनी सूज उतरंल, मग म्या अल्लाद काढतो. तवर हात तेवढा वाकवू नका," असं म्हणून तो गेला. सोनबा तर केव्हाच पसार झाला होता. बनाबाईंनी तोच लाकडी रूळ आणि तीच पंच्याची चिंधी आणून नवऱ्याच्या कोपराला बांधली.

ज्या माणसाला दुसऱ्याच्या कोपराचा निकाल लावायचा होता, त्याचं स्वतःचं कोपर असं तीन दिवस कैदेत पडलं.

दुसऱ्या दिवशी दप्तरखान्यात आनंदरावांनी लचक भरल्याचं सांगितलं. साहेब समोर आले तेव्हा नमस्कार करायला गेले, तर हात नुसता आडवा वर गेला आणि साहेब थांबले, गाडी अडवल्यासारखे. लिहायला कागद हातभर लांब ठेवावा लागे, आणि त्यांचा चष्मा होता जवळचं वाचायचा, हातभर लांबचं त्यातून दिसत नसे. बोळातून जाताना ते कडेनं चालत. समोरून आलेला बैलगाडीवाला त्यांचा हात बघून थांबला आणि विचारू लागला, "कुठं वळू?"

घरी जेवताना हात तोंडापर्यंत पोचेना. डाव्या हातानं जेवणं त्यांना शोभेना. बनाबाई घास भरवायला बसल्या. लग्नात एकदा, नाव घेऊन, भरवला होता, त्यानंतर हा पहिला. दोघांनाही सुरुवातीला संकोच वाटला. दुसऱ्या दिवशी थोडा कमी वाटला. तिसऱ्या दिवशी बनाबाईंनी वाटीभर बासुंदी केली होती, का ते त्यांनी सांगितलं नाही.

पण या तीन दिवसांत एक गोष्ट घडली. अंगणात वाळत घातलेल्या तिळांवर कावळे उतरायचे. त्यांना हाकलायचं काम आनंदरावांकडे आलं, कारण दुसरं कुठलंच काम त्यांना येत नव्हतं. ताठ हातानं खडा मारावा तर सबंध खांदा फिरवावा लागे. हात मागून येई, डोक्यावरून जाई, खाली येई, रहाटाच्या चाकासारखा, कुठं न थांबता. आणि चिडून डाव्या हातानं मारला, की हात कानाशी क्षणभर बसे आणि बेडकासारखी उडी घेई. उजवा, डावा. उजवा, डावा. आनंदराव सकाळ-संध्याकाळ खडे मारत राहिले. कावळे कंटाळून दुसऱ्या आळीला गेले तरी ते थांबले नाहीत. कोपर दिसत नाही ते दिसत नाहीच, पण ती कानाशी बसण्याची क्षणभराची बैठक, ती मात्र दिसते. इतके दिवस ते चुकीच्या ठिकाणी बघत होते.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी नीरेकाठी काथ्याची मॅटिंग अंथरली गेली. घाटाच्या पायऱ्यांवर बायका हळदीकुंकू उरकून नव्या लुगड्यांत बसल्या होत्या. आनंदरावांनी कोटाची उजवी बाही कशीबशी चढवली. आत रूळ नव्हता, तो कोटात मावला नाही. पण बांगडी होती.

चिमाजीराव येऊन उभे राहिले. "आनंदराव, हाताला काय?"

"लचक."

"डोळ्यांना नाही ना?"

"डोळ्यांचं आज संध्याकाळी सांगतो," आनंदराव म्हणाले. एका अंगाला शिरवळचा अंपायर, एका अंगाला आपण, एवढं त्यांनी मान्य करून घेतलं होतं.

भोरच्या एक्क्याण्णव धावा झाल्या. मग शिरवळ खेळायला आलं आणि सोनबा धावत निघाला. आनंदराव लेगला उभे होते. पहिला चेंडू, चाक. दुसरा, चाक. तिसरा, चौथा, चाक. शेजारी उभा राहिलेला क्षेत्ररक्षक काही बोलू पाहत होता, त्याला त्यांनी "आज नाही" एवढंच सांगितलं. ओव्हरमागून ओव्हर गेल्या. ऊन उतरत गेलं आणि आनंदरावांच्या मनात काहीतरी सुखानं पसरत गेलं. हात सरळ होता. सोनबा न्यायानं टाकत होता. एकदा मानेवर माशी बसली म्हणून त्यांनी हात उचलला, तो आडवाच वर गेला, आणि धावा लिहिणाऱ्यानं मुकाट नोबॉल मांडला. तो खोडून घ्यायला खेळ पाच मिनिटं थांबवावा लागला. बाकी सगळं सुरळीत होतं.

शिरवळच्या अठ्ठ्याऐंशी झाल्या आणि नऊ गडी बाद झाले. शेवटच्या जोडीला चिमाजीराव उरले. डाव सुरू झाल्यापासून ते मुक्काम ठोकून होते. सोनबा समोर. आनंदराव लेगला.

सोनबा दमला होता. चिमाजीरावांनी दोन चेंडू अडवले आणि बॅटवर रेलून म्हणाले, "काय रे गोफणवाल्या, झाली का राखण? इथं दाणा खायला पाखरं नाहीत, माणसं आहेत."

घाटावर हशा झाला. सोनबा मागं गेला, धावत आला, आणि त्याचा हात कानाशी क्षणभर बसला.

चेंडू कुणाला दिसलाच नाही. मधली दांडी दिसली, ती तीनदा कोलांटली आणि यष्टिरक्षकाच्या मागं जाऊन पडली. भोर उभं राहिलं. टोप्या हवेत गेल्या. चिमाजीराव बॅट काखेला मारून चालूही लागले होते. आणि लेगला आनंदरावांचा उजवा हात खांद्यातून निघून जमिनीशी आडवा, काठीसारखा सरळ, उभा राहिला होता.

"नोबॉल," ते म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

आधी कुणाला कळलं नाही. लोकांना वाटलं, माशी असेल. मग त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं. कुंडलिक धावत आला.

"रावसाहेब, हात खाली घ्या."

"फेकला त्यानं."

"आपल्या गावचे ना तुम्ही? घ्या म्हणतो खाली." आणि कुंडलिकनं तो आडवा हात मनगटाशी धरून खाली ओढला. हात खाली आला नाही, कोपरातून वाकला.

कट्, एवढाच आवाज झाला. कोटाच्या बाहीतून हिरव्या काचेचे तीन तुकडे गवतावर पडले.

कुंडलिक तुकड्यांकडे बघत राहिला. चिमाजीराव बघत राहिले. अंपायरच्या बाहीतून बांगडी निघते, याला कायद्यात काय तरतूद आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. घाटावरून धोंडाबाईंचा आवाज आला, संथ, अगदी शांत. "वाढली."

खेळ पुढे चालू झाला. नोबॉलची एक धाव मिळून एकोणनव्वद झाल्या होत्या. सोनबानं पुढचा चेंडू टाकला, सरळ हातानं, संथ, सुंदर. चिमाजीरावांनी तो नीरेच्या पात्रात मारला. चौका. शिरवळ जिंकलं.

त्या संध्याकाळी आनंदरावांचं भाग्य एकच, की संक्रांत होती. एरवी दगड आले असते, पण संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोलावं लागतं. भोरकर आले, रांगेनं आले, आणि रीत पाळून बोलले.

"तिळगूळ घ्या, आनंदराव. तीळ डोळ्यांना बरे असतात."

"गोड बोला. पुढच्या सामन्यात तर अजिबातच बोलू नका."

"घ्या, घ्या, शिरवळचाच आहे, तुम्हांला मानवेल."

आनंदरावांनी प्रत्येकाची वडी घेतली आणि प्रत्येकाला वडी दिली. बनाबाई दाराआड उभ्या होत्या, आणि त्यांना नवऱ्याकडे बघवत नव्हतं. तेवढ्यात धोंडाबाई येऊन ओट्यावर बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू लागल्या.

"बांगडी आधी वाढली की चौका आधी गेला?"

"बांगडी आधी."

"नीट आठव."

"बांगडीच आधी, मावशी. माझ्या समोर तुकडे पडले."

"नोबॉलनं सामना गेला होता का?"

"नाही. एकच धाव मिळाली. आणखी तीन लागत होत्या."

"मग कशानं गेला? सवाष्णीच्या चुड्यातली बांगडी ऐन सणाला भर पटांगणात वाढवली, ते धन्यावर आलं नाही, बायकोवर आलं नाही, साऱ्या गावावर आलं. आणि वाढवली कुणी?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. दिवेलागणीपर्यंत आळीला, आणि ताटं वाढायच्या वेळेपर्यंत सबंध भोरला कळून चुकलं, की सामना कुंडलिकमुळे गेला. त्याच संध्याकाळी बिचाऱ्यानं नारळ आणि खण देऊन बायकोला बनाबाईंची ओटी भरायला पाठवलं, आणि पुढे वर्षभर त्याला लोक विचारत, "काय कुंडलिक, आज कुणाचा हात धरला?"

चिमाजीराव गाडी जुंपायच्या आधी येऊन गेले. ते तिळगुळाची वडी हातात घेऊन जरा घुटमळले.

"मी चालू लागलो होतो, आनंदराव. माझी दांडी गेली होती."

"मी पाहिलं."

"तुम्हीच पाहिलंत. आमच्या अंपायरनं नाही." मिशीवरून हात फिरवून ते म्हणाले, "पुढच्या साली दोन्ही अंगांना तुम्हीच उभे राहा. आमचं पत्र येईल."

एका माणसाला एकाच वेळी दोन अंगांना कसं उभं राहता येईल, हे आनंदरावांनी विचारलं नाही. त्यांनी आणखी एक वडी चिमाजीरावांच्या हातावर ठेवली.

सगळ्यांत शेवटी सोनबा आला. तो ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला. त्यानं वडी घेतली नाही, आनंदरावांनी ती त्याच्या हातावर ठेवली.

"त्यो गेला फेकीत," तो म्हणाला. "वानराला मारतो तसा. हातातनं सुटला तवाच वळखलं म्या."

"मीही ओळखलं."

"राग न्हाई, साहेब. गोफनवाला म्हनला म्हून डोकं फिरलं."

आनंदरावांनी आजूबाजूला पाहिलं. ओटा रिकामा होता, दारात फक्त बनाबाई होत्या. अडीच आठवडे पोटात असलेला प्रश्न त्यांनी आवाज खाली करून विचारला.

"सोनबा, आता खरं सांग. मार्गशीर्षातल्या सामन्यात, ते सात गडी घेतलेस तेव्हा, किती फेकलेस?"

सोनबानं वडी तोंडात टाकली आणि चावून होईपर्यंत मनाशी विचार केला.

"येक बी न्हाई. तवा हाताला कोपर असतंय, हे कुठं ठावं व्हतं मला? तुमी समद्यांनी मिळून धा दिस बगून बगून दाखिवलं. रूळ बांदला, पिठी भरली. आता धावताना ध्यान कोपरातच जातंय."

बनाबाईंनी तोंडाला पदर लावला. आनंदरावांनी पुन्हा एकदा ओट्याभोवती नजर फिरवली.

"हे शिरवळात कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले.

"न्हाई सांगत. आन् भोरात?"

"भोरात तर मुळीच नको."